शाल कोणाची?

मागच्या २६ जानेवारीला मी पुण्यात नव्हते. फ्रीलान्सर माणसाला सुट्टी नसते असं म्हणतात, ते साफ चूक. सुट्टी असते, फक्त बिनपगारी असते! तर अशीच एक बिनपगारी सुट्टी घेऊन, महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये जवळजवळ अख्खा दिवस काढून मी भंडारा रोड स्टेशनवर, म्हणजे वरठीला उतरले आणि तिथून आत्याच्या गावी पोचले.

सकाळी झेंडावंदन. शाळेच्या पटांगणात मांडव, लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी, पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. गावातल्या माजी सैनिकांचा सत्कार होता आणि त्यात माझी आतेबहीण होती. लेफ्टनंट कर्नल, आर्मी सर्व्हिस कोअर, १४ वर्षांची नोकरी. माझ्याहून बरीच मोठी, त्यामुळे मला ती नुसती 'ताई'.

निवेदक गुरुजींनी यादी बघितली, घसा साफ केला आणि पुकारा केला, "आपल्या गावचे जावई कर्नलसाहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती!"

स्टेजवर शाल पडली ती आमच्या भाऊजींच्या खांद्यावर. श्रीफळही त्यांच्याच हातात. ताईची खणानारळाने ओटी भरली गेली. आमचे भाऊजी बँकेत आहेत. सैन्य सोडा, ते कॉलेजात एनसीसीतसुद्धा नव्हते! त्यांनी शांतपणे शाल काढली, ताईच्या खांद्यावर ठेवली आणि माइकवर म्हणाले, "मी बँकेत असतो जी. कर्नल ह्या आहेत." पटांगणात एकच हशा. टाळ्या. ताईही हसली. घरी येईपर्यंत सगळ्यात जास्त मी हसत होते.

घरी शालीची घडी घालताना ताई सहज म्हणाली, "ही तिसरी. तिन्ही आधी ह्यांच्याच खांद्यावर पडल्या."

मग मात्र माझं हसू थांबलं. तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून ती शाल माझ्या डोक्यातून जातच नाहीये. म्हणून आजचा कॉलम तिच्यावर.

आपल्या पिढीला नोकरी सोडण्याचं काय कौतुक? दोन-अडीच वर्षं झाली की आपण 'स्विच' मारतो. नोटीस पीरियड, फेअरवेल केक, पॅकेजमध्ये हाइक, विषय संपला. सीव्हीवर एका ओळीची भर पडते आणि पुढच्या एचआरला ती ओळ लगेच कळते. पण समजा, तुमच्या सीव्हीवर फक्त एकच ओळ आहे, ती १४ वर्षांची आहे आणि समोरच्याला ती वाचताच येत नाही! मग?

थोडा फ्लॅशबॅक. डॉक्टर आणि नर्स म्हणून बायका सैन्यात आधीपासून होत्या. बाकीच्या शाखांची दारं १९९२ मध्ये उघडली. प्रिया झिंगन या तरुणीने थेट लष्करप्रमुखांना पत्र लिहून मुलींना संधी द्या म्हटलं, ती गोष्ट प्रसिद्धच आहे. पहिल्या तुकडीत २५ जणी होत्या आणि मार्च १९९३ मध्ये त्या चेन्नईच्या अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडल्या. पण हे दार पाहुण्यांसाठी उघडतात तसं उघडलं होतं. या, बसा, पण मुक्कामाला नाही! आधी पाच वर्षं, मग वाढवून दहा, मग चौदा. पुरुष अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशनचा रस्ता होता. बायकांना तो २००८ मध्ये मिळाला आणि तोही फक्त कायदा आणि शिक्षण या दोन शाखांत.

यातली खरी गोम कळायला गणित लागतं, तेही चौथीचं. अधिकाऱ्याला पेन्शन मिळायला सेवा लागते २० वर्षं. बायकांना राहू देणार जास्तीत जास्त १४. म्हणजे तुम्ही कितीही उत्तम काम करा, पेन्शनच्या आधी सहा वर्षं तुमचा स्टॉप येणार म्हणजे येणारच. हातात ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम, वय पस्तिशीच्या आसपास, आणि पुढच्या महिन्यापासून पगार शून्य.

ताई २००५ मध्ये अधिकारी झाली आणि २०१९ मध्ये बाहेर पडली.

आणि १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बबिता पुनिया खटला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने सांगितलं की, शॉर्ट सर्व्हिसमधल्या महिला अधिकाऱ्यांचाही पर्मनंट कमिशनसाठी विचार झालाच पाहिजे. ज्यांची १४ वर्षं उलटून गेली आहेत आणि ज्यांना पर्मनंट कमिशन मिळणार नाही, त्यांनाही २० वर्षांपर्यंत राहू द्या, म्हणजे पेन्शन मिळेल. हा फायदा होता तेव्हा सेवेत असलेल्यांना. ताई त्या दिवशी नागपूरच्या फ्लॅटमध्ये मुलाचा डबा भरत होती.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. पण ज्या आत होत्या त्यांचे फोन आले, त्या रडत होत्या आनंदाने. त्यांच्यासोबत मीही रडले. कोणत्या अश्रूचा कोणता हिशोब, ते नाही लावला."

पुढच्या वर्षी, मार्च २०२१ मध्ये, नितिशा खटल्यात न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की, या बायकांना पर्मनंट कमिशन देताना लावलेल्या फिटनेसच्या आणि गोपनीय अहवालांच्या मोजपट्ट्याच अन्यायाच्या होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये हवाई दलातून आधीच बाहेर पडलेल्या ३२ महिला अधिकाऱ्यांच्या बाबतीत तर न्यायालयाने म्हटलं की, त्यांना परत नोकरीत घेणं आता शक्य नाही, पण त्यांनी २० वर्षं पूर्ण केली असं धरून पेन्शन द्या. त्यांची सेवा २००६ ते २००९ च्या दरम्यान संपली होती. न्याय मिळाला, पण मधे तेरा ते सोळा वर्षं गेली. तेवढ्यात माणूस एक अख्खं दुसरं करिअर करतो. किंवा करत नाही.

ताईच्या खोलीत एक काळी लोखंडी ट्रंक आहे. वर पांढऱ्या रंगात तिचा नंबर, हुद्दा, नाव. सैन्यातल्या प्रत्येकाकडे अशी ट्रंक असते. ती उघडून तिने मला काहीबाही दाखवलं. पाकिटं, फोटो, जुनी पत्रं. पत्ता एकच, '५६ एपीओ'. सैन्यात माणूस कुठे आहे हे पत्त्यावरून कळत नाही, पण पत्र बरोबर पोचतं. "बाहेर आल्यावर उलटं झालं," ताई म्हणाली. "घर नंबर, गल्ली, पिनकोड सगळं पक्कं. पण मी कुठे आहे तेच मला कळेना."

पहिले सहा महिने ती पहाटे साडेचारला उठायची. जायचं कुठे? कुठेच नाही. भाऊजी आणि मुलगा साखरझोपेत. मग ती फुटाळा तलावाकडे चालायला जायची आणि घरी येऊन तिघांचे कपडे इस्त्री करायची. "कडक," भाऊजी मधेच म्हणाले. "माझ्या पायजम्यालासुद्धा क्रीज असायची!"

तयारी नव्हती असं नाही हं. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय आहे, ते सेवा संपत आलेल्या अधिकाऱ्यांसाठी नामवंत मॅनेजमेंट संस्थांत सहा-सहा महिन्यांचे कोर्स चालवतं. ताईने तो केला. सप्लाय चेन, फायनान्स, पॉवरपॉइंट, सगळं. मग इंटरव्ह्यू सुरू झाले.

आता आर्मी सर्व्हिस कोअर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. सैन्याचं पोट आणि सैन्याची चाकं. रेशन, इंधन, गाड्या. ताईने लेहला असताना हिवाळ्याचा साठा केला होता. झोजीला बर्फाने बंद व्हायच्या आत पीठ, तांदूळ, डाळ, रॉकेल, औषधं, सगळं वर पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर 'सॉरी, डिलिव्हरी डिलेड' असा एसएमएस पाठवून भागत नाही. वर माणसं असतात.

आणि इंटरव्ह्यूत तिच्यासमोर बसलेला पोरगा माझ्या वयाचा. पहिला प्रश्न, "मॅम, कॉर्पोरेटमध्ये डेडलाइनचं प्रेशर असतं, जमेल का?"

दुसऱ्या ठिकाणी, "टीम हँडल केली आहे का?" तिच्या हाताखाली शे-दीडशे माणसं होती. तिसऱ्या ठिकाणी, "तुमच्याकडे लोक ऑर्डर म्हणून ऐकायचे, इथे तसं नसतं." ताई म्हणते, याचं उत्तर तिने मनात दिलं. रात्री घाटात घाबरलेल्या ड्रायव्हरला ऑर्डर देऊन गाडी चालत नाही. त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसावं लागतं. चौथ्या ठिकाणचा प्रश्न तर सगळ्यात भारी, "मुलगा लहान आहे, उशिरापर्यंत थांबणं होईल का? आणि मिस्टरांची बदली झाली तर?"

मिस्टरांची बदली! १४ वर्षं हिच्या बदल्यांमागे मिस्टर सुट्ट्या जमवून रेल्वेने फिरत होते.

या सगळ्यात वाईट माणूस कुणीच नव्हता. तो निवेदक गुरुजीही नाही आणि हे इंटरव्ह्यूवालेही नाहीत. प्रॉब्लेम असा की, त्यांच्या डोक्यातल्या फॉर्ममध्ये हिच्यासाठी रकानाच नव्हता. 'माजी सैनिक' म्हटलं की मिशा दिसतात. बाई दिसली की ती 'पत्नी'च्या रकान्यात जाते.

हे डॉक्टरांच्या बाबतीत होत नाही, बघा. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर. पुण्याच्या एएफएमसीच्या विद्यार्थिनी, बालरोग आणि किडनीविकारतज्ज्ञ, सैन्यदलांत थ्री-स्टार हुद्द्यावर पोचलेल्या देशातल्या तिसऱ्या महिला. २०२१ मध्ये त्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्यांचं कर्तृत्व मोठं आहेच, त्यात वादच नाही. पण त्यांच्या नावामागे एक शब्द असाही आहे जो गणवेश उतरवल्यावरही सगळ्यांना वाचता येतो, 'डॉक्टर'. नर्सलाही तो फायदा आहे, वकिलालाही. दहा हजार फुटांवर डाळ पोचवणारीसाठी मात्र असा शब्द नाही. २०२० मध्ये गुंजन सक्सेनावर सिनेमा आला, तो आपण सगळ्यांनी पॉपकॉर्न खात बघितला. कारगिल, चीता हेलिकॉप्टर, टाळ्या. त्यांची शॉर्ट सर्व्हिस आठ वर्षांनी संपली. त्या दिवसानंतरच्या सकाळवर कुणी सिनेमा काढत नाही. त्यात हेलिकॉप्टर नसतं ना!

शेवटी ताईला नागपूरजवळ एका गोदामात नोकरी लागली. पगार सैन्यातल्या शेवटच्या पगारापेक्षा बराच कमी. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. ड्रायव्हर गायब, ढाबे बंद, रस्त्यात अडकलेल्या गाड्या. गोदामातले सगळे हादरलेले आणि ताई... तिला म्हणे पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं! ड्रायव्हरांच्या जेवणाच्या पुड्या, मुक्कामाच्या जागा, पासेस, कोणती गाडी कुठे, सगळं तिने एका फळ्यावर मांडलं. त्यानंतर डेडलाइनचं प्रेशर जमेल का, असं तिला कुणी विचारलं नाही.

२०२१ मध्ये आत्या आजारी पडली आणि ताई भंडाऱ्याला आली. लोक म्हणाले, झालं, संपलं करिअर. तिने ग्रॅच्युइटीतून शिल्लक होतं त्यात एक जुना ट्रक घेतला.

भंडारा म्हणजे तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यात जिकडे बघावं तिकडे धान. तुमसरची तांदळाची बाजारपेठ जुनी. धान मिलमध्ये जातो, तांदूळ होतो, तो गोदामात न्यायचा. म्हणजे काय? रेशन आणि गाड्या! ताईला यातलं वेगळं काही शिकायचं नव्हतंच. शिकायचं होतं ते मिलवाल्यांना. पहिले चार महिने ट्रक जवळपास उभाच. एक मिलमालक फार नम्रपणे म्हणाले, "मॅडम, साहेबांले पाठवा ना जी. भाड्याचं बोलून घेतो त्यांच्यासंग."

साहेब एका रविवारी खरंच गेले. म्हणाले, "मले ट्रकले चाकं किती असतात तेही धड मालूम नाही. भाव त्याच सांगतील. मी फक्त चहा प्यायला आलो." चहा पिऊन परत आले. तो मिलमालक आज ताईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे. कारण काय, तर सांगितलेल्या वेळेला गाडी दारात असते आणि पोत्यांचा हिशोब कागदावर असतो. आता तीन ट्रक आहेत. काळ्या ट्रंकेत फोटोंच्या शेजारी बिल्टीची पुस्तकं आहेत. गेल्या वर्षी एक गाडी दोन महिने गॅरेजात होती, हप्ते थकले, रात्रीची झोप उडाली. यशोगाथा वगैरे म्हणू नकोस, असं तिने मला बजावलंय. "धंदा आहे. चालू आहे. एवढंच लिही." लिहिलं.

पण माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ताईने मला उठवलं. (हो, मी उठले. कर्नल आहे ती!) थंडी मरणाची. गावाबाहेरच्या मैदानावर अकरा मुली पळत होत्या. कुणाला पोलीस भरती करायचीय, तिथे ८०० मीटर आणि गोळाफेक. कुणाला अग्निवीर व्हायचंय, मिलिटरी पोलिसात. तिथे १.६ किलोमीटर, आणि वरच्या गटाचे गुण हवे असतील तर साडेसात मिनिटांत. ताई हातात घड्याळ घेऊन उभी. ट्रॅकसूटवर शाल. होय, तीच.

पळणं झाल्यावर सगळ्या गोल करून बसल्या. मला वाटलं, आता भाषण. देश, कर्तव्य, नारीशक्ती. ताईने एका मुलीला विचारलं, "निवड झाली तर किती वर्षं?"

"चार, मॅडम."

"पाचव्या वर्षी काय करणार?"

मुलगी गप्प. सगळ्याच गप्प.

आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. ताईचे चौदा तरी होते, या मुलींचे चारच! २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे ठेवतात. बाकीचे बाहेर. हातात सेवानिधी, योजना जाहीर झाली तेव्हा सरकारने सांगितलेला आकडा होता सुमारे ११.७१ लाख. पेन्शन नाही. नौदलातल्या महिला अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्कातून बाहेर पडली. २०२२ च्या अखेरीला आत गेलेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. म्हणजे बावीस-तेवीस-पंचवीस वर्षांच्या मुली, 'माजी'! ज्या वयात आपण पहिली नोकरी शोधतो, त्या वयात त्या दुसरी शोधणार. आणि समोर तोच फॉर्म, तेच रकाने.

ताईचा फंडा साधा आहे. आत जायची तयारी कर आणि त्याच वहीच्या मागच्या पानापासून बाहेर यायची तयारी लिही. ग्रॅज्युएशन थांबवू नकोस, बाहेरून पूर्ण कर. हेवी लायसन्स काढता आलं तर काढ. कम्प्युटर शीक. प्रत्येक कोर्सचं सर्टिफिकेट जपून ठेव. सेवानिधी लग्नात उडवायचा नाही, हे घरच्यांना आत्ताच सांग. आणि तिथे जे काम करशील ते रोज साध्या मराठीत एका ओळीत लिहून ठेव. "कारण बाहेरच्याला 'गार्ड कमांडर' कळत नाही. 'रात्रभर बारा माणसांची जबाबदारी घेतली' हे कळतं."

एका मुलीने विचारलं, "मॅडम, मंग जावावं का नाई?"

ताई लगेच म्हणाली, "जा! मला आज परत विचारलं तरी मी जाईन. पण मला बाहेरचं कुणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगून ठेवतेय."

परतीच्या गाडीत मी आपल्या ऑफिसांचा विचार करत होते. तुमच्यापैकी कित्येक जण एचआरमध्ये आहेत, कित्येक जण टीम लीड आहेत, सीव्ही चाळतात. येत्या काही वर्षांत तुमच्या टेबलावर असे सीव्ही येतील. एकच ओळ असेल, चार वर्षांची किंवा चौदा वर्षांची. ती 'गॅप' समजून बाजूला ठेवू नका. समोर आलेल्या बाईला मिस्टरांचं काय, मुलांचं काय, हे नंतर कधीतरी चहावर विचारा. आधी विचारा, "पोस्टिंग कुठे होतं? तिथे काय केलंत?" आणि मग गप्प बसून ऐका. झोजीला निघू शकतो.

आणि कधी गावाकडे सत्कार करायची वेळ आलीच, तर शाल उघडण्याआधी यादी एकदा नीट वाचा. बस.